सरांच्या अंदाजाची खतावणी

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलेलं हे पत्र. लिहिणारे ४३ वर्षांचे आहेत, अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतात. रशिया युक्रेनवर हल्ला करणार आणि आपल्याकडे खाद्यतेल भडकणार, असं त्यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये, हल्ल्याच्या चार दिवस आधी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं होतं. ते तंतोतंत खरं ठरलं. मग व्याख्यानं सुरू झाली, स्थानिक वाहिन्यांची बोलावणी आली, यूट्यूब चॅनल निघालं. आता बसस्टँडवरही लोक थांबवून विचारतात, "सर, तैवानचं काय होईल? सोयाबीन ठेवावं का?" त्यांचा आदर्श आहे अमेरिकेतले भूराजकीय भाष्यकार जॉर्ज फ्रीडमन. "तेही वीस वर्षं छोट्या गावातल्या कॉलेजात मास्तर होते आणि ४७ व्या वर्षी कंपनी काढून जगप्रसिद्ध झाले," असं ते लिहितात. राजीनामा देऊन पूर्णवेळ हेच करावं का, हा त्यांचा प्रश्न. पत्नीचा ठाम नकार आहे. पत्राच्या शेवटी जाता जाता आणखी एक मजकूर आहे: २०२३ च्या दिवाळीत, गाझाच्या युद्धामुळे भाव चढेल या त्यांच्या सांगण्यावरून, दाजींनी ६० क्विंटल सोयाबीन न विकता ठेवलं, भाव उतरला, "पण अंदाज म्हटला की मागंपुढं व्हायचंच."

सर, नमस्कार.

पत्र चार पानांचं आहे. त्यात फ्रीडमनना दीड पान मिळालं, दाजींना दीड ओळ. दाजींकडे मी येणारच आहे. पण तुमचा सगळा बेत फ्रीडमन यांच्या आयुष्यावर उभा आहे, म्हणून आधी त्यांच्याकडे जाऊ.

फ्रीडमन १९४९ मध्ये बुडापेस्टला जन्मले. आईवडील ज्यूंच्या संहारातून वाचलेले. पोर तान्हं असतानाच त्यांनी कम्युनिस्ट हंगेरी सोडली, ऑस्ट्रियातल्या निर्वासितांच्या छावणीत दिवस काढले आणि मग अमेरिका गाठली. नकाशावरची रेघ हलली की घरातली चूल हलते, हे या माणसाने दुपट्यात असतानाच भोगलं. आपल्याकडे रझाकारांच्या काळात रातोरात बार्शी-सोलापूरकडे निघून गेलेल्या घरांमधली जुनी माणसं सरहद्दीबद्दल जसं बोलतात, तसा काहीसा सूर त्यांच्या लिहिण्यात लागतो. मला तो आवडतो, हेही कबूल करते. पुढे कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट, आणि मग पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल या छोट्या गावी डिकिन्सन कॉलेजात जवळपास वीस वर्षं अध्यापन. इथपर्यंत तुमची तुलना बिनचूक आहे.

पण एक पान तुमच्याकडून उलटायचं राहिलं. कंपनी निघाली १९९६ मध्ये. त्याच्या पाच वर्षं आधी त्यांनी पत्नी मेरेडिथ यांच्यासोबत एक जाडजूड पुस्तक लिहिलं होतं. त्याचा गाभा असा की अमेरिका आणि जपान यांच्यात पुन्हा युद्ध पेटणार. झालं काय, तर नेमका त्याच सुमारास जपानचा फुगा फुटला. जमिनीचे आणि शेअरचे भाव कोसळले, अर्थव्यवस्था बसली ती कित्येक वर्षं उठली नाही. युद्धाचं नाव नाही. उलट दोन्ही देशांचा लष्करी करार आजही टिकून आहे.

म्हणजे फ्रीडमन जगप्रसिद्ध झाले ते एवढा मोठा अंदाज फसल्यानंतर. तुमच्या पत्रातलं गृहीतक आहे, "माझा अंदाज खरा ठरला, म्हणून मी आता या क्षेत्रात उतरू शकतो." त्यांचं उदाहरण तर भलतंच सांगतंय. या धंद्यात नाव व्हायला अंदाज खरा ठरावाच लागतो असं नाही.

मग नाव झालं कशाने? स्ट्रॅटफर या त्यांच्या कंपनीने १९९९ च्या कोसोव्हो युद्धात इंटरनेटवर सतत ताजी विश्लेषणं टाकली. बातमी देणारे पुष्कळ होते, पण "हे का घडतंय" हे रोजच्या रोज सांगणारं फारसं कोणी नव्हतं. तिथून वर्गणीदार आले, मोठमोठ्या कंपन्या आल्या, आणि एका अमेरिकी साप्ताहिकाने २००१ मध्ये त्यांना "सावलीतली सीआयए" असं नाव दिलं. असं नाव एकदा चिकटलं की पुढची वीस वर्षं प्रत्येक मुलाखत त्यानेच सुरू होते. २००९ मध्ये तर त्यांनी पुढच्या शंभर वर्षांचं पुस्तक काढलं आणि ते धडाक्याने खपलं. तुर्कस्तान, पोलंड आणि जपान महासत्ता होणार, चीन आतून दुभंगणार, २०२० च्या आसपास रशिया मोडणार, शतकाच्या मध्याला अंतराळातून युद्ध होणार. रशिया आधी आपल्या पश्चिम सीमेकडे पुन्हा रेटा देईल, हे त्यातलं म्हणणं खरं ठरलं. २०२० आलं, गेलं. रशिया मोडला नाही. २०५० चं युद्ध पडताळायला त्या पुस्तकाचे बरेचसे वाचक हयात नसतील.

ही बाजूही तुम्हाला माहीत असायला हवी. डिसेंबर २०११ मध्ये हॅकर स्ट्रॅटफरच्या सर्व्हरमध्ये शिरले. वर्गणीदारांच्या क्रेडिट कार्डांचे तपशील कुठलंही कुलूप न लावता ठेवलेले होते, आणि ही चूक फ्रीडमन यांनी स्वतः जाहीरपणे मान्य केली. जगाला धोके सांगणाऱ्यांच्या घरची कडी उघडी! नंतर गुप्त कागदपत्रं उघड करणाऱ्या विकिलीक्स या संस्थेने ५० लाखांहून जास्त ईमेल प्रसिद्ध करायला घेतले. त्यातून दिसलं की डाऊ केमिकल ही कंपनी (भोपाळच्या युनियन कार्बाइडची पुढची मालक) या मंडळींकडून भोपाळ वायुदुर्घटनेसाठी लढणाऱ्या कार्यकर्त्यांच्या हालचालींवर नजर ठेवून घेत होती. टीव्हीवर दिसणारा भविष्यवेत्ता आणि महिन्याचा खर्च भागवणारा धंदा यांच्यामध्ये हे सगळं असतं. भाकितावर पोट भरत नाही सर, पोट भरतं गिऱ्हाइकावर, आणि गिऱ्हाइकाला काय हवं असतं ते दर वेळी तुम्हाला आवडेलच असं नाही. फ्रीडमन यांनी २०१५ मध्ये ती कंपनी सोडली आणि ६६ व्या वर्षी नवी काढली. चिवटपणा घ्यायचा असेल तर तो जरूर घ्या.

आता प्रसिद्धीबद्दल. फिलिप टेटलॉक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकापासून जवळजवळ वीस वर्षं २८४ तज्ज्ञांचे हजारो राजकीय अंदाज लिहून घेतले आणि मुदत संपली की एकेक तपासला. सरासरी तज्ज्ञ नाणं उडवण्यापेक्षा फार पुढे गेला नाही. तुमच्या कामाची गोष्ट त्याच्या पुढची आहे: जे वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर जास्त झळकत होते, त्यांचे अंदाज कमी झळकणाऱ्यांपेक्षा खराब निघाले. कारण साधं आहे. वाहिनीला "अमुक झालं तर कदाचित तमुक" असं बोलणारा नको असतो. "होणार म्हणजे होणार" म्हणणारा हवा असतो. तुम्हाला चर्चेला पुन्हा पुन्हा कोण बोलावतं आणि तुम्ही "सांगता येत नाही" म्हणालात त्या दिवसानंतर फोन किती आले, हे जरा आठवून पाहा.

माझे आजोबा बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावी पाडव्याला मारुतीच्या पारावर पंचांग वाचायचे. कडुनिंब-गुळाचा प्रसाद झाला की संवत्सरफल सुरू. यंदाचा राजा कोण, मंत्री कोण, मेघाधिपती कोण, राजेलोकांत कलह, पाऊस मध्यम. बघितलं तर तेही भूराजकारणच. तिकडे विदर्भात, बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. शेतात घट आखून अठरा प्रकारची धान्यं मांडतात, मधोमध पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, आणि राजाचा म्हणून विडा. सकाळी विडा हलला की नाही त्यावरून दिल्लीची गादी हलणार का ते सांगतात, आणि देशावरच्या संकटाचंही त्यात येतं. पण माझ्या आठवणीतली खरी गंमत पारावरच्या श्रोत्यांची. ते मान डोलवायचे, प्रसाद खायचे आणि पेरणीच्या वेळी मात्र मूठभर माती दाबून ओल बघायचे. आजोबांच्या सांगण्यावर कोणी तिफण धरल्याचं मला आठवत नाही. आजोबांनाही त्याचं वाईट वाटायचं नाही.

तुमचे श्रोते तसे राहिलेले नाहीत. शेअर आणि वायदे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे आजच ठरणारे सौदे, थांबवले आणि ती मुदत नंतर पुन्हा पुन्हा वाढवत नेली. म्हणजे पुढच्या चार महिन्यांचा भाव बाजार काय धरतोय, याची निदान एक उघड खूण होती, तीही गेली. आता शेतकऱ्याकडे उरलं काय? आडत्याचं तोंड, "लातूरला काय निघाला?" हा फोन, आणि सर, तुम्ही.

२०२२ चा तुमचा अंदाज पुन्हा उघडून पाहू. हल्ला २४ फेब्रुवारीला झाला. तुमचा मेसेज चार दिवस आधीचा. त्याच्याही आधी, १८ फेब्रुवारीला, अमेरिकेचे अध्यक्ष बायडेन यांनी जाहीर सांगितलं होतं की पुतिन यांचा निर्णय झालाय अशी आपली खात्री आहे. उपग्रहांची छायाचित्रं कित्येक आठवडे छापून येत होती. तरीही युरोपातले भलेभले लोक मानायला तयार नव्हते, म्हणून तुम्ही मानलं याचं श्रेय तुमचं आहेच. पण तो अंदाज हवेतून आलेला नव्हता, समोरचा पुरावा नीट वाचण्याचा होता. आणि तेलाबद्दल तुम्ही बरोबर ठरलात त्याचं कारण अगदी ठोस होतं. युक्रेन हा सूर्यफूल तेलाचा जगातला सगळ्यात मोठा निर्यातदार, आणि आपण आपल्या गरजेचं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. त्यात एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियाने तीनेक आठवडे पामतेलाची निर्यात बंद केली. युद्धापासून आपल्या कढईपर्यंत एकेक कडी जुळत गेली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझाचं युद्ध पेटलं तेव्हा ही साखळी कुठे होती? इस्रायल तेलबियांचा देश नाही. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले झाले, भाडी वाढली, खरं. पण पामतेल आपल्याकडे पूर्वेकडून येतं, त्याची वाट तांबड्या समुद्रातून जातच नाही. ब्राझीलने त्या वर्षी विक्रमी सोयाबीन पिकवलं होतं. आपल्याकडे कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क साडेपाच टक्क्यांवर होतं. ते साडेसत्तावीस व्हायला सप्टेंबर २०२४ उजाडावा लागला. शिवाय सोयाबीनच्या दाण्यात तेल जेमतेम १८ टक्के, बाकी बहुतेक पेंड. पेंडीला परदेशात उठाव नाही तर तेल कितीही तापलं तरी दाण्याचा भाव वर सरकत नाही. "युद्ध आलं की भाव चढतो" हा तुमचा नियम एकाच युद्धावरून बनला होता. दाजींचं सोयाबीन त्या नियमावर वर्षभर घरात पडून राहिलं, आणि २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ असताना बाजार त्याच्याही खाली गेला.

तुम्ही लिहिलंय की ठेवलं तेव्हा पाच हजारांच्या आसपास होता आणि शेवटी त्यांनी ४,२०० ने घातलं. क्विंटलमागे ८००. साठ क्विंटलचे ४८,०००. घट, वाहतूक आणि तोवर सोसायटीचं व्याज वेगळं. तुम्ही याला "मागंपुढं होणं" म्हणालात. तुमचं काय मागंपुढं झालं? त्या व्हिडिओला चांगले व्ह्यूज आले असतील. दुसऱ्या दिवशी तुम्ही नवा विषय घेतला असेल. फ्रीडमन यांचं जपान युद्ध झालं नाही तेव्हा त्यांचंही फार बिघडलं नाही. सांगणाऱ्याची चूक आणि ऐकणाऱ्याचा तोटा एकाच पावतीवर कधी येत नाहीत. तुमच्या बाबतीत त्या योगायोगाने एकाच घरात आल्या. आणि तुम्हीच लिहिलंय, "ताई या भाऊबीजेला त्याबद्दल काही बोलली नाही." सर, ती बोलली नाही म्हणजे विसरली असं धरू नका. सासरच्या माणसांपुढे तिने तुमची बाजू किती वेळा सावरली असेल, ते ती तुम्हाला कधी सांगणार नाही.

म्हणून राजीनाम्याच्या आधी हे काम. दाजींकडे जा. फोनवर नको, आणि चार माणसांत नको. "माझं चुकलं, मी ठामपणे सांगायला नको होतं" एवढं म्हणा, कारणमीमांसा तिथे नको. ४८,००० भरून देऊ का, असं तुमच्या मनात येईल. दाजी घेणार नाहीत, उलट अपमान वाटेल. त्यापेक्षा यंदा माल निघाला की सोबत बसा. सगळा माल एकदम विकायचाही नाही आणि सगळा ठेवायचाही नाही. देणी भागतील एवढा आधी घालायचा, उरलेला दोन-तीन टप्प्यांत. पैशाची नड असून माल ठेवायचाच असेल तर बाजार समितीत शेतमाल तारण योजनेची चौकशी करा. ६ टक्के व्याजाने, सहा महिन्यांसाठी, मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं. हे ज्यांच्या घरात असे "सर" नाहीत त्यांनाही लागू आहे.

दुसरं काम वहीचं. आडत दुकानात खतावणी असते, कोणाचा किती माल आला आणि किती देणं राहिलं. तुमच्या अंदाजांची तशी वही कुठे आहे? २०२२ पासूनचे सगळे व्हिडिओ आणि मेसेज काढा. खरे ठरलेले लोकांना पाठ आहेत, तुम्ही फसलेले शोधा. मग पुढचा प्रत्येक अंदाज लिहिताना तीन गोष्टी लिहा: नेमकं काय घडेल, कोणत्या तारखेपर्यंत, आणि शक्यता किती टक्के. "दाट शक्यता" हा शब्द वहीत चालणार नाही. अमेरिकेच्या गुप्तचर खात्यात १९५१ मध्ये युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची "गंभीर शक्यता" आहे, असा अहवाल निघाला. तो लिहिणाऱ्या शर्मन केंट यांनी नंतर आपल्याच सहकाऱ्यांना विचारलं, गंभीर म्हणजे किती? उत्तरं वीस टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत आली. आपलं हवामान खातं निदान याबाबत प्रामाणिक आहे: "तुरळक ठिकाणी" म्हणजे त्या भागातल्या फार तर पंचवीस टक्के केंद्रांवर. ते ऐकून आपण खात्यालाच शिव्या देतो, ती गोष्ट वेगळी.

गुण देण्याची पद्धतही हवामानवाल्यांचीच आहे, १९५० मध्ये ग्लेन ब्रायर यांनी दिलेली. ७० टक्के म्हणालात आणि घडलं, तर तीस टक्क्यांचं चुकलं: ०.३ चा वर्ग ०.०९. घडलं नाही, तर ०.७ चा वर्ग ०.४९. आकडा जितका कमी तितका अंदाज चांगला. डोळे मिटून दर वेळी पन्नास टक्के म्हणणाऱ्याला ०.२५ मिळतात. पन्नास अंदाजांनंतर तुमची सरासरी ०.२५ च्या खाली आहे का बघा. वही चॅनलवर उघडी ठेवा. तुमच्या वर्गातल्या पोरांनाही हे करायला लावा; राज्यशास्त्राचा तास त्यांना इतका कधी आवडला नसेल.

आणि नोकरी. मी वहिनींच्या बाजूने आहे, पण कायमची नाही. मराठवाड्यात अनुदानित जागा म्हणजे काय, हे विनाअनुदानितवर पंधरा-पंधरा वर्षं काढलेल्या तुमच्याच मित्रांना विचारा. तुमची अजून पंधरा वर्षं सेवा आहे. चॅनल सुरू ठेवायला राजीनामा लागत नाही. संस्थेची लेखी परवानगी मात्र घ्या. दोन वर्षं वही चालू द्या. सरासरी चांगली आली आणि कोणी पैसे मोजून तुमचं विश्लेषण घेऊ लागलं, तर आधी वर्षभराची बिनपगारी रजा मिळते का बघा. शेअर किंवा वायद्यांबद्दल पैसे घेऊन सल्ला द्यायचा तर सेबीची नोंदणी लागते, तिथे उगाच पाऊल टाकू नका. आणि चॅनलवर युद्ध, तैवान, तेल, आयात शुल्क, काय हवं ते समजावून सांगा, तुमच्या हातोटीबद्दल मला शंका नाही; फक्त "ठेवा" आणि "विका" हे दोन शब्द त्यातून काढून टाका.

बसस्टँडवर कोणी अडवून विचारलंच, "सर, सोयाबीन ठेवावं का?" तर त्यांना विचारा की घरात देणं किती आहे. दाजींकडे जाल तेव्हा ताईसाठी काहीतरी घेऊन जा, आणि वही निघाली की पहिलं पान मला पाठवा.